आज नाही जमणार

नोव्हेंबर २००३. ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स भारताच्या दौऱ्यावर होते आणि मुंबईत त्यांना डबेवाल्यांना भेटायचं होतं. असा पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडे रस्ते धुतले जातात, वाहतूक अडवली जाते, शाळेतली पोरं हातात झेंडे घेऊन उन्हात उभी राहतात. डबेवाल्यांनी यातलं काही केलं नाही. भेट जरूर होईल, पण डबे पोचवण्याच्या आड ती येता कामा नये, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मग युवराजच चर्चगेटला आले, डबे लावायच्या जागी, डबेवाल्यांच्या सवडीनं. थोडा वेळ थांबले, चौकश्या केल्या आणि गेले. मंडळी पुढच्या कामाला लागली. या अटीचा राग कुणी धरला नाही. एप्रिल २००५ मध्ये चार्ल्स यांचं लग्न झालं, तेव्हा रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे या दोघांना आमंत्रण आलं आणि ते इंग्लंडला जाऊन आले.

व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हा किस्सा घासून गुळगुळीत झालाय. सांगणारे तो वक्तशीरपणाचा नमुना म्हणून सांगतात. पण वक्तशीर राहायचं तर कुणाला तरी ‘आत्ता नाही’ म्हणावं लागतं, ही त्यातली अर्धी बाजू व्याख्यानात गळून जाते.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी २०१२ मध्ये डबेवाल्यांच्या कामावर एक लेख लिहिला. त्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली अशी, की ठरल्या वेळी डबा दारात तयार हवा. एखादं गिऱ्हाईक वारंवार उशीर करू लागलं, तर त्याचं काम सोडून दिलं जातं. एका घरापाशी माणूस पाच मिनिटं ताटकळला की लोकल चुकते आणि त्याच्याकडच्या बाकी तीसेक डब्यांना उशीर होतो. एकाचं मन राखायला तीस जणांना उपाशी ठेवायचं का, असा हा रोकडा हिशेब. दुसरी गोष्ट, प्रत्येक गटात गरजेपेक्षा दोन-तीन माणसं जास्त असतात. कुणी आजारी पडलं, कुठे गाडी रखडली, तर हे हात कामाला येतात. एरवी ते थोडे मोकळे असतात आणि तसे ते असू दिले जातात.

आता याच मुंबईतलं, नाहीतर पुण्या-नागपुरातलं एखादं ऑफिस घ्या. संध्याकाळचे सव्वासहा. बॅग भरलेली, डोळ्यांपुढे साडेसहाची लोकल. तेवढ्यात साहेब डोकावतात. ‘अरे, एक छोटंसं काम होतं. पाच मिनिटांचं.’ पाच मिनिटांच्या कामाला खरोखर पाच मिनिटं लागल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. तरी उत्तर ठरलेलं: ‘हो सर, बघतो.’

हे ‘बघतो’ फार महागात पडतं. साहेबांच्या हिशेबी तो होकार असतो आणि बोलणाऱ्याच्या हिशेबी वेळ मारून नेणं. तीन दिवसांनी ‘झालं का रे ते?’ असा प्रश्न येतो तेव्हा काम झालेलं नसतं, आणि ते दुसऱ्या कुणाला देण्याची वेळही गेलेली असते. तोंडावर दिलेल्या नकारानं साहेब पाच मिनिटं नाराज झाले असते. आता ते वर्षभर लक्षात ठेवतील.

मग तोंडावर नाही का म्हणवत नाही? भिडस्तपणा, संस्कार, वरिष्ठांपुढे मान तुकवायची सवय, अशी कारणं आपण आपल्या मातीत शोधतो. ती काही प्रमाणात खरीही आहेत. पण ‘नाही’ घशात अडकण्याचा आजार एकट्या मराठी माणसाचा नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्र शिकवणाऱ्या व्हेनेसा बॉन्स यांनी या विषयावर अनेक प्रयोग केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातल्या अनोळखी लोकांना गळ घालायची होती: या पुस्तकाच्या पानावर शाईच्या पेनानं एक शब्द लिहून द्याल का? म्हणजे सरळ सरळ सार्वजनिक पुस्तक खराब करायला सांगायचं. शंभरातले सुमारे २८ जण तयार होतील, असा विचारणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ६४ टक्क्यांहून जास्त लोकांनी लिहून दिलं. कुरकुरले, पण लिहिलं.

या प्रयोगात साहेबांनी बघण्याजोगं काहीतरी आहे. मागणाऱ्याला कायम वाटतं, की समोरच्याला नकोच असेल तर तो नाही म्हणेल की! समोरच्याला मात्र तो नकार डोंगराएवढा वाटत असतो. ‘मी काही जबरदस्ती केली नव्हती, त्यानंच हो म्हटलं’ असं सांगणारे वरिष्ठ बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच दिसलेलं नसतं.

मेलचंही तेच. लॉरा जर्ज आणि याच बॉन्स यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, कामाच्या वेळेबाहेर आलेल्या बिनघाईच्या मेलला किती लवकर उत्तर अपेक्षित आहे याचा अंदाज करताना मेल मिळणारा माणूस चुकतो. पाठवणाऱ्याच्या मनात नसलेली घाई तो स्वतःच भरतो. रविवारी रात्री सुचलं म्हणून लिहून टाकलेल्या दोन ओळी एखाद्याच्या जेवणाच्या ताटावर जाऊन बसतात. व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या रेघांनी तर ‘मी पाहिलंच नाही’ म्हणायची सोयही काढून घेतली. गिरणीचा भोंगा कर्कश होता, पण पाळी संपली की तो तसं सांगायचा तरी.

नाही न म्हणण्याची किंमत किती, याचं एक गणित आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती ॲग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या गर्दीवर एक शोधनिबंध लिहिला. किती लाइनी ठेवल्या तर लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यातून पुढे रांगांचं शास्त्र उभं राहिलं. बँकेच्या खिडकीवर एक कारकून आहे. लोक ठरावीक अंतरानं येत नाहीत, कधी तिघं एकदम तर कधी दहा मिनिटं कुणीच नाही. प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीजास्त. अशा वेळी कारकून दिवसातला ८० टक्के वेळ कामात असेल, तर एका माणसाच्या कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या सरासरी चौपट वेळ रांगेत जातो. कारकून ९० टक्के गुंतला की नऊपट. ९५ टक्के गुंतला की एकोणीसपट. शंभर टक्के गुंतवला, तर रांग वाढतच राहते, तिला अंत नाही.

म्हणजे ८० वरून ९५ वर जाताना कारकुनानं काम केलं जेमतेम पाचव्या हिश्श्यानं जास्त आणि लोकांचं ताटकळणं वाढलं जवळजवळ पाचपट. ऑफिसात ज्याच्या टेबलावर सगळं येऊन पडतं, जो कुणालाच नाही म्हणत नाही, त्याच्याकडे प्रत्येक काम अडकलेलं का असतं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. तो आळशी नाही, ढिसाळही नाही. तो भरलेला आहे. आणि त्याच्या प्रत्येक नव्या होकाराची झळ आधी होकार मिळालेल्या सगळ्यांना बसते. डबेवाल्यांच्या गटातली जादा माणसं ही चैन नव्हे, हे एरलांगसाहेबांना एका वाक्यात पटलं असतं.

मोकळा हात एकही नाही आणि सगळी माणसं ताणलेली, अशी व्यवस्था कशावर चालते हे मुंबईकरांनी ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिलं. मोटरमनची पदं रिकामी होती आणि मध्य रेल्वेचं उपनगरी वेळापत्रक उरलेल्या मोटरमनच्या जादा कामावर पेललेलं होतं. त्यांनी जादा काम करायला नकार दिला आणि लोकल रद्द होऊ लागल्या. संप नाही, मोर्चा नाही. माणसं नेमलेलं काम करून घरी निघाली, एवढंच. होकाराला ‘सहकार्य’ म्हणायची सवय लागली, की नेमलेलं काम हाच बंडाचा प्रकार ठरतो.

पण असं जादा काम सगळ्यांकडे सारखंच मागितलं जातं का?

पिट्सबर्गमधल्या पाच नोकरदार बायका २०१० मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये जमल्या. पाचही जणी कामाखाली बुडालेल्या आणि त्यातलं बरंच काम असं, की ज्यातून ना बढती मिळते ना नाव. त्यांनी ठरवलं, की अधूनमधून भेटायचं आणि कोणत्या कामाला नाही म्हणायचं ते एकमेकींना विचारायचं. त्यांतल्या लिंडा बॅबकॉक, लीझ व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या प्राध्यापक. त्यांनी मारिया रेकाल्दे यांच्यासोबत याच प्रश्नाचे प्रयोग मांडले आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रयोग साधा होता. तिघांचा गट, प्रत्येकासमोर संगणक. दोन मिनिटांत तिघांपैकी एकानं बटण दाबायचं. जो दाबेल त्याला सव्वा डॉलर, बाकी दोघांना दोन-दोन डॉलर. कुणीच दाबलं नाही, तर सगळ्यांना एकेकच. म्हणजे कुणीतरी दाबावं हे सगळ्यांच्या हिताचं, पण ते आपण असू नये.

स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बायकांनी बटण दाबण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त निघालं. फक्त पुरुषांच्या गटात पुरुष मुकाट्यानं बटण दाबत होते. बायका खोलीत आल्या की ते वाट बघत बसायचे. पुढच्या प्रयोगात गटाबाहेरच्या एकाला ‘तुम्ही कुणाला विनंती कराल?’ असं विचारलं, तेव्हा बायकांना ४४ टक्के जास्त विनंत्या गेल्या, आणि विनंती करणाऱ्यांत बायकाही होत्या. विनंती आल्यावर हो म्हणणाऱ्या बायका ७६ टक्के, पुरुष ५१ टक्के.

आपल्याकडे हे बटण ओळखायला संगणक लागत नाही. अक्षर चांगलं म्हणून दर बैठकीचं इतिवृत्त एकाच बाईंकडे. दिवाळीची रांगोळी, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या भेटवस्तूची वर्गणी, मराठी भाषा दिनाचं सूत्रसंचालन, नव्या मुलीला ‘जरा समजावून सांगा ना मॅडम’. महाविद्यालयांत नॅकच्या मूल्यांकनाची फाइल आली की तरुण प्राध्यापिकांचे महिने त्यात जातात, आणि बढतीच्या वेळी शोधनिबंध किती हे विचारलं जातं. ‘तुम्ही ते छान करता’ हे वाक्य कौतुक म्हणून येतं आणि कामाचा आदेश होऊन राहतं. घरी गेल्यावर दुसरी पाळी असतेच. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं जातात, पुरुषांची त्याहून कितीतरी कमी.

बॅबकॉक आणि सहकाऱ्यांचा उपाय बायकांना ‘खंबीर व्हा’ सांगण्याचा नाही, हे त्यांचं मोठेपण. त्या वरिष्ठांना सांगतात, की असल्या कामासाठी ‘कोण करेल?’ असं खोलीत विचारूच नका. पाळी लावा, नाहीतर चिठ्ठ्या टाका. यातला शहाणपणा आपल्या भिशी मंडळांना केव्हाचा ठाऊक आहे.

नकाराचं धाडस हा स्वभावाचा भाग मानला, की त्याचा भार नेमका सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसावर पडतो. डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळवलेले फ्रान्सिस क्रिक यांनी नकाराची छापील कार्डंच करून घेतली होती. सही, प्रस्तावना, मुलाखत, भाषण अशी मागण्यांची यादी, आणि येईल त्या मागणीपुढे खूण करून कार्ड टपालात टाकायचं. क्रिकना ते शोभलं. चार महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या मुलीनं असं कार्ड काढून बघावं!

जुलै २०२४ मध्ये पुण्यात अशीच एक मुलगी गेली. वय २६, सनदी लेखापाल, एका मोठ्या लेखासंस्थेतली पहिलीच नोकरी. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या बोज्याकडे बोट दाखवलं. कंपनीनं तो संबंध नाकारला. पत्र देशभर वाचलं गेलं. मुलगी नवखी होती, मर्यादा आखण्याइतका अनुभव आणि अधिकार तिच्याजवळ नव्हता, नाही कसं म्हणायचं हे तिला ठाऊक नव्हतं, असं त्यात आईनं लिहिलं होतं. पाठोपाठ राज्याच्या कामगार खात्याची तपासणी झाली. कामाचे तास ज्या कायद्याखाली बघितले जातात, त्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्या कार्यालयाची नोंदणीच नसल्याचं उघडकीला आलं. कार्यालय २००७ पासून सुरू होतं.

या पत्राच्या आगेमागे आपल्याकडे काय चर्चा चालली होती? इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार या अर्थाचं बोलणं बाहेर आलं. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालानं, आठवड्याला ६० तासांहून जास्त काम आरोग्याला घातक ठरू शकतं, असं अभ्यासांचा हवाला देऊन नोंदवलं. त्याआधी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून हिशेब मांडला होता: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात पक्षाघात आणि हृदयविकारानं ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. हे आकडे नव्वद तासांच्या भाषणांत ऐकू येत नाहीत.

आणि हे सगळं त्या देशात, जिथल्या मुंबईत एक अख्खा वार नकारातून मिळवला गेला.

नारायण मेघाजी लोखंडे हे ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या वाचल्या की आज ओशाळायला होतं: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. गिरणीमालकांनी ऐकलं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना गेले.

यात एकट्या कामगारानं फोरमनपुढे उभं राहून ‘उद्या येणार नाही’ म्हणण्याला जागा नव्हती. तसं म्हणणाऱ्याची खाडाबोडी झाली असती आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला असता. दहा हजारांनी मिळून एकदा नाही म्हटलं आणि त्यानंतर प्रत्येकाला दर रविवारी ते नव्यानं म्हणावं लागलं नाही. नियम झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात कामगारखातं सांभाळताना १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दिशेनं पुढचं काम केलं, आणि १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला.

कायद्याइतकं गंभीर नसलेलं, पण तितकंच टिकाऊ असं एक उदाहरण पुण्याचं. दुपारी एक ते चार दुकान बंद. त्यावर विनोद करून दोन-तीन पिढ्यांचं पोट भरलं. मात्र एक ते चारमध्ये कोणत्याही गिऱ्हाइकाला तोंडानं नाही म्हणावं लागत नसे, ते काम दारावरची पाटी करायची. शिवाय पाटी जहागीरदाराला आणि कारकुनाला सारखीच लागू. चितळे बंधूंनी जुलै २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याची बातमी झाली. बाकरवडी दुपारी मिळू लागली याचा आनंद आहेच, पण पाटीची ती कला आपण ऑफिसात का नेली नाही, हा प्रश्न उरतो.

नेता येते. काही ठिकाणी नेलेली दिसतेही. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारपर्यंत बैठक नाही, एवढा एक नियम विभागप्रमुखानं फळ्यावर लिहिला, की दहा जणांची दहा भांडणं वाचतात. ‘तातडीचं’ असा शिक्का मारायचा तर कारण लिहायचं, असं ठरलं की निम्मी तातड आपोआप विरते. हाताखालच्या माणसाकडे दुसऱ्या विभागातून थेट येणारी कामं आधी माझ्याकडे येऊ द्या, असं म्हणणारा वरिष्ठ सोन्याच्या मोलाचा. तो स्वतः वाईटपणा घेतो आणि त्याच पदाचा पगार घेतो.

असा वरिष्ठ नशिबी नसेल तर? मग शब्द जपून वापरावे लागतात. जुनेजाणते कारकून यात तरबेज असत. ते ‘नाही’ म्हणतच नसत, विचारत: ‘साहेब, हे आज घेतो. मग बिलांची फाइल सोमवारवर ढकलू का?’ प्रश्न नम्र आहे, पण निवडीचा भार जिथे असायला हवा तिथे परत गेला. दहातल्या सात वेळा साहेब म्हणतात, ‘नको, बिलंच करा आधी.’ उरलेल्या तीन वेळा निदान कुणाच्या सांगण्यावरून काय मागे राहिलं हे दोघांनाही माहीत असतं. हे बोलणं मेलवर झालं तर आणखी बरं.

दुसरं, नकाराला वेळेची किंमत असते. काम आलं त्या तासाला दिलेला नकार हा निरोप असतो, मुदतीच्या आदल्या दिवशी दिलेला दगा. आणि कारणांची माळ लावू नये. आईचं आजारपण, गाडीचा घोळ, मुलाची परीक्षा असं सांगत गेलं, की समोरचा प्रत्येक कारणावर तोडगा काढतो. ‘या आठवड्यात जमणार नाही, पुढच्या बुधवारी चालेल?’ यात वाद घालायला जागा कमी राहते.

प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणाऱ्यांचीही एक जमात असते आणि प्रत्येक सरकारी कचेरीला ती ठाऊक आहे. ‘हे माझ्या टेबलाचं काम नाही’ म्हणत वीस वर्षं काढणाऱ्याचा वेळ वाचतो तो शेजारच्या टेबलाच्या जिवावर. रुग्णालयात रात्री अपघाताचे दहा रुग्ण एकदम आले, गावात पूर आला, सहकाऱ्याच्या घरी मयत झालं, तर घड्याळ बघायचं नसतं. नवं काही शिकवणारं काम, कितीही अडचणीच्या वेळी आलं तरी, पहिल्या काही वर्षांत घ्यावं. फरक इतकाच, की अडचण अधूनमधून येते. जिथे ती रोज येते तिथे तिचं नाव माणसांची कमतरता असं आहे, आणि ती भरून काढणं नोकराचं काम नाही.

कायद्याचं बोलायचं, तर कागदावर नकाराचा हक्क बराच आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, त्यावरच्या कामाला दुप्पट मोबदला आणि तीन महिन्यांत १२५ तासांच्या जादा कामाची कमाल मर्यादा ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांत दिवसाचे दहा तास आणि जादा कामाची मर्यादा १४४ तास करायला मंजुरी दिली. त्याच निर्णयात कारखान्यांतल्या जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, असंही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितांतही जादा कामाला संमतीची अट आहे. वाचायला छान वाटतं. संमतीचा कागद पुढे करणारा आणि पुढच्या वर्षीची वेतनवाढ ठरवणारा हात एकच असतो, त्याचं काय करायचं ते संहितेत नाही. शिवाय व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८ हजारांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक या संहितांच्या लेखी ‘कामगार’च नाहीत. हिंजवडीतल्या बहुतेक टीम लीडची गत तिथेच ठरते.

शिक्षकांच्या वतीनं तर संसदेनंच नकार देऊन ठेवलाय. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक दिवस काढावा आणि गुरुजी दिवसभरात किती माहिती कुठकुठल्या ॲपवर भरतात ते मोजावं.

ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून नोकराला कामाच्या वेळेबाहेरचा फोन किंवा मेल न घेण्याचा हक्क आहे, त्याचा नकार अवाजवी नसेल तर. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना याबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी लागते. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असंच खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा होण्याचा शेवटचा प्रसंग आपल्या संसदेत १९७० मध्ये आला होता. तेव्हा तिकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जणांच्या हाताखाली दोन-चार माणसं असतील. त्यांना एवढंच सांगणं, की दिवाळीत पाडव्याच्या रात्री एखादं काम आठवलं, तर मेल जरूर लिहून ठेवा, विसराल. पण पाठवायची वेळ भाऊबीजेनंतरच्या कामाच्या दिवशी सकाळी दहाची लावा. ती सोय तुमच्या मेलमध्ये पाठवायच्या बटणाच्या शेजारीच आहे.